हत्तीचे घड्याळ घडविणारे उस्ताद अल्-जझरी

टायग्रिस व युफ्रेटीस या नद्यांच्या वरच्या खोऱ्याला अरब लोक अल्-जझीरा म्हणत. त्या मुलखावरून बदीउज्जमान अबुल-इज्ज हे अल्-जझरी या नावाने जगाला ठाऊक झाले. इ. स. ११७४ च्या सुमारास ते आजच्या तुर्कस्तानातील अर्तुकी राजघराण्याच्या चाकरीत रुजू झाले आणि पाव शतकाहून अधिक काळ तेथेच यंत्रे घडवीत राहिले.

त्यांचे हत्तीचे घड्याळ प्रसिद्ध आहे. आपल्याकडे पूर्वी लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी तळाला बारीक भोक पाडलेले घटिकापात्र पाण्यात सोडीत. तसेच एक पात्र या हत्तीच्या पोटातील पाण्यात तरंगे. ते सावकाश बुडू लागले की वर बसलेला लेखनिक हळूहळू फिरून वेळ दाखवी. अर्ध्या तासाने पात्र पूर्ण बुडाले की ससाण्याच्या चोचीतून गोळा सुटून सर्पाच्या मुखात पडे. त्या वजनाने सर्प खाली झुके, माहूत हत्तीला टोला देई आणि बुडालेले पात्र पुन्हा वर ओढले जाई. हत्ती हिंदुस्थानचा, सर्प चीनचा, पाण्याची विद्या ग्रीकांची! ज्ञान कोठून आले हे न पाहता ते घ्यावे, हा धडा त्यांनी यंत्रातूनच दिला.

वुजूसाठी पाणी ओतणारा यांत्रिक सेवक आणि नदीच्या प्रवाहावर चालणारा दोन दट्ट्यांचा पंपही त्यांनी रचला. ते आधी कागदाचे नमुने करीत, लाकूड वाकू नये म्हणून पातळ थर एकमेकांवर चिकटवीत आणि चाकांचा तोल तपासून घेत. केवळ पुस्तकात वाचलेली गोष्ट स्वतः करून पाहिल्याशिवाय ते खरी मानीत नसत.

सुलतान नासिरुद्दीन महमूद यांनी जाणले, की ही विद्या लिहून ठेवली नाही तर उस्तादाबरोबरच जाईल. त्यांच्या आज्ञेवरून अल्-जझरींनी ५० यंत्रांचा ग्रंथ इ. स. १२०६ मध्ये पुरा केला. कारागिराला पाहून बनविता यावे अशा आकृत्या त्यांनी त्यात काढल्या. म्हणूनच आठशे वर्षांनंतर दुबईच्या इब्न बतूता मॉलमध्ये त्या हत्तीची मोठी प्रतिकृती उभी राहू शकली. आखातात नोकरीला असलेल्या आपल्या कित्येक बांधवांनी ती पाहिली असेल.

पेणच्या कारखान्यांत साचे घडविणारे कसबी हात आहेत, रोह्याजवळच्या धाटावला पंप व झडपा सांभाळणारे अनुभवी फिटर आहेत. त्यांचे कसब कोणत्या वहीत उतरले आहे? विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत आपल्या वडिलांच्या वा काकांच्या कामाशेजारी बसा, आकृती काढा, मापे लिहा. आणि पालकहो, मुलगा अथवा मुलगी पान्हा हाती घेऊ लागली तर तिला अभ्यासात मागे पडलेली समजू नका. अल्-जझरींच्या एका हातात लेखणी होती आणि दुसऱ्या हातात कानस. थोरवी त्या दोहोंच्या मेळात होती.