चौदा वर्षांचा सोबती

आधुनिक हिंदी कवितेतील छायावाद या प्रवाहाचे चार आधारस्तंभ मानले जातात. जयशंकर प्रसाद, सूर्यकांत त्रिपाठी 'निराला', सुमित्रानंदन पंत आणि महादेवी वर्मा हे ते चार कवी होत. यांपैकी महादेवी वर्मा कवयित्री म्हणून जितक्या मोठ्या, तितक्याच गद्यलेखिका म्हणूनही श्रेष्ठ होत्या. माणसांवर आणि मुक्या प्राण्यांवर त्यांनी सारख्याच मायेने लिहिले.

महादेवींचा जन्म २६ मार्च १९०७ रोजी उत्तर प्रदेशातील फर्रुखाबाद येथे झाला. त्या काळच्या रीतीनुसार वयाच्या नवव्या वर्षी त्यांचा विवाह लावून देण्यात आला. मात्र मोठेपणी त्यांनी सासरी नांदण्यास नकार दिला. शिक्षणासाठी त्या अलाहाबादला, म्हणजे प्रयागला आल्या. तेथील क्रॉस्थवेट विद्यालयात सुभद्राकुमारी चौहान यांच्यासारखी कवयित्री मैत्रीण त्यांना लाभली. पुढे संस्कृत विषयात त्यांनी एम.ए. केले आणि प्रयाग महिला विद्यापीठाची धुरा अनेक वर्षे वाहिली. मुलींनी शिकावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे, यासाठी त्या आयुष्यभर झटल्या.

'नीहार' हा त्यांचा पहिला काव्यसंग्रह १९३० साली प्रसिद्ध झाला. १९५२ साली त्यांची उत्तर प्रदेश विधान परिषदेवर नियुक्ती झाली. परिषदेचे कामकाज लखनौला चालत असे. पण त्यांचे घर प्रयागलाच राहिले. स्वतःचा संसार त्यांनी मांडला नाही. तरीही त्यांचे घर कधी रिकामे नव्हते. अंगणात मोर, ससे, हरिणी, गाय, खारी, मांजरे आणि कुत्री अशी भरलेली गोकुळासारखी वस्ती होती. कोणी जखमी अवस्थेत सापडलेले, कोणी पोरके झालेले, तर कोणी बाजारातून सोडवून आणलेले असे. या सर्वांना महादेवी आपला परिवार मानत.

या परिवारात नीलू नावाचा एक कुत्रा होता. हिमालयाच्या डोंगराळ भागात त्याचा जन्म झाला. नैनितालजवळील रामगढ येथे महादेवींचे घर होते. त्या परिसरातील लूसी नावाची कुत्री त्याची आई. पिले लहान असतानाच ती एका हिंस्र श्वापदाची शिकार झाली. आईविना उरलेल्या नीलूला महादेवींनी दूध पाजून वाढवले आणि आपल्याबरोबर प्रयागला आणले. अल्सेशियन आणि भूटिया या दोन्ही जातींचे गुण त्याच्यात उतरले होते. तो मोठा रुबाबदार आणि मानी निघाला. खाण्यासाठी लाळघोटेपणा करणे त्याला ठाऊक नव्हते. कोणी तुच्छतेने काही पुढे टाकले, तर तो त्याकडे पाहतही नसे.

अंगात एवढे बळ असूनही त्याने ते दुबळ्यांवर कधी चालवले नाही. घरट्यातून खाली पडलेले पाखराचे पिल्लू तो अलगद तोंडात धरून महादेवींकडे आणून देई. एकदा सशांनी जमीन पोखरून कुंपणाबाहेर वाट काढली. बाहेर रानमांजरांचे भय होते. थंडीच्या त्या रात्री नीलू दवात भिजत बिळाच्या तोंडाशी राखण करत उभा राहिला. ससे वाचले, पण त्याला मात्र न्यूमोनियाने गाठले. पुढे मोटार अपघातात जखमी होऊन महादेवी रुग्णालयात दाखल झाल्या, तेव्हा नीलूने अन्न सोडले. अखेर डॉक्टरांच्या परवानगीने त्याला रुग्णालयात नेऊन त्यांची भेट घडवावी लागली.

नीलू चौदा वर्षे जगला. त्याच्यासारख्या मोठ्या अंगाच्या कुत्र्याचे आयुष्य साधारणपणे दहा ते तेरा वर्षांचे असते. म्हणजे त्याला दीर्घायुष्यच लाभले. माणसाची आणि कुत्र्याची सोबत अशी विषम असते. माणसाच्या वयात चौदा वर्षांची भर पडते, तेवढ्याच काळात कुत्र्याचे बाळपण, तारुण्य आणि वार्धक्य उरकते. काल मांडीवर खेळलेले पिल्लू पाहता पाहता आपल्याहून म्हातारे होते. त्याची नजर मंदावते, सांधे आखडतात, चाल जड होते. जनावर घरी आणणाऱ्याने त्या पहिल्याच दिवशी हा वियोगही पदरात घेतलेला असतो. महादेवींनी तो जाणूनबुजून आणि वारंवार घेतला. नीलूने जिवंतपणी लाचारी दाखवली नाही आणि त्याचा मृत्यूही तसाच शांतपणे झाला.

१९७२ साली महादेवींचे 'मेरा परिवार' हे पुस्तक प्रकाशित झाले. त्या वेळी त्यांचे वय पासष्ट वर्षांचे होते. नीलूसह आपल्या प्राणिपरिवाराची शब्दचित्रे त्यांनी त्यात रेखाटली आहेत. अवघे दोन वर्षांचे आयुष्य लाभलेली खार गिल्लू, नीलकंठ मोर, सोना हरिणी आणि गौरा गाय यांच्या कथाही या पुस्तकात येतात. त्यांतील अनेक कथांचा शेवट मृत्यूनेच होतो. तरीही एकाच्या जाण्याने महादेवींनी दुसऱ्याला दार बंद केले नाही. इमानी जनावराची आठवण जपणे महाराष्ट्रालाही परके नाही. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे थोरल्या शाहू महाराजांच्या कुत्र्याची समाधी आहे. महादेवींनी नीलूचे स्मारक शब्दांत उभारले.

१९५६ साली पद्मभूषण आणि पुढे 'यामा' या काव्यसंग्रहासाठी ज्ञानपीठ पुरस्कार देऊन महादेवींचा गौरव करण्यात आला. ११ सप्टेंबर १९८७ रोजी प्रयाग येथे त्यांचे निधन झाले. रामगढ येथील त्यांच्या घराचे पुढे संग्रहालय झाले. त्यांनी सांभाळलेल्या जिवांपैकी कोणालाही आपल्या पालनकर्तीचे नाव वाचता येणारे नव्हते. जे परतफेड करू शकत नाहीत, त्यांच्या म्हातारपणापर्यंत साथ देणे हेच प्रेमाचे खरे मोजमाप होय, हे महादेवींच्या जीवनातून दिसून येते.