लक्ष्मणराव किर्लोस्कर
लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर (२० जून १८६९ – २६ सप्टेंबर १९५६) हे मराठी उद्योजक व किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक होते. त्यांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकार होण्यासाठी ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. परंतु रंगांधत्वामुळे रंगकाम सोडावे लागले आणि यांत्रिक रेखाटन तेवढे हाती राहिले. पुढे व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते तोच विषय शिकवू लागले.

सायकलचे दुकान

लोखंडी नांगराचे कर्ते म्हणून ते ओळखले जातात, पण त्यांच्या धंद्याची सुरुवात सायकलीपासून झाली. चरित्रांतून हा भाग बहुधा एका ओळीत उरकला जातो. १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलचे दुकान निघाले. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. थोरले बंधू रामूअण्णा त्या विकत आणि गिऱ्हाइकांना चालवायलाही शिकवीत. १८९७ मध्ये बढती डावलून ती एका अँग्लो-इंडियन शिक्षकास देण्यात आली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठले.

सायकलदुरुस्तीत हाताची खरी परीक्षा पायडलांच्या आसाशी होते. जुन्या इंग्रजी धाटणीच्या सायकलीत हा आस दोन वाट्यांमध्ये, ग्रीसमध्ये बसविलेल्या सुट्या छऱ्यांवर फिरतो. साखळीकडच्या वाटीचे आटे उलटे असतात, म्हणून ती डावीकडे फिरवून पक्की आवळतात. दुसरी वाटी हलकेच आत घेत जावी. क्रँक हलवून पाहिल्यावर आस डुगडुगता कामा नये, पण फिरविल्यावर अडखळताही कामा नये. तसा मेळ बसला की वाटी हलू न देता बाहेरचे कडे आवळावे. वाटी जास्त आवळली तर छरे वाटीला खड्डे पाडतात. सैल राहिली तर आस ठोके खात झिजतो. असल्या कामात पुस्तकी ज्ञान फारसे उपयोगी पडत नाही.

नांगर आणि किर्लोस्करवाडी

दुकानाला जोडून कडबा कापण्याची यंत्रे तयार होऊ लागली. १९०३ साली लोखंडी नांगर बनला, पण लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे बेळगाव नगरपालिकेच्या नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा सोडणे भाग पडले. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची निवडुंगाने भरलेली पडीक जमीन दिली. १९१० मध्ये तेथे कारखाना आणि कामगारांची वस्ती उभी राहू लागली. हीच किर्लोस्करवाडी. वस्तीत अस्पृश्यता पाळण्यास लक्ष्मणरावांनी मज्जाव केला होता, आणि तुरुंगातून सुटून आलेल्यांनाही ते कामावर घेत.