फ्रान्सिस डे

मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढून झाली, की ओल्या वाळूवर मासळीची रास पडते. तीत मांदेलीच्या कुळातील बारीक मासेही पुष्कळदा असतात. चपटे अंग, पुढे आलेले नाकाड आणि त्याखाली डोळ्याच्याही मागेपर्यंत फाटलेले तोंड, असे या साऱ्या कुळाचे रूप. गाबीत स्त्रियांच्या सराईत नजरेला त्यांतले भेद कळतात. परंतु एका बंदरातले नाव दुसऱ्या बंदरात चालेलच असे नाही. शास्त्रज्ञांनी दिलेल्या नावांचीही एके काळी हीच गत होती. तो गुंता सोडविण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत फ्रान्सिस डे यांचे नाव अग्रभागी आहे.

डे यांचा जन्म २ मार्च १८२९ रोजी इंग्लंडातील ससेक्स परगण्यात झाला. वैद्यकाचे शिक्षण संपवून १८५२ साली ते मद्रास इलाख्याच्या सैन्यात डॉक्टर म्हणून रुजू झाले. पुढे कोचीन येथे असताना त्यांनी आपला पेशा सांभाळून मासे जमविण्याचा व्यासंग धरला. त्याचे फळ म्हणजे १८६५ साली प्रसिद्ध झालेला मलबारच्या माशांवरील त्यांचा ग्रंथ.

मासे जमविणे त्यामानाने सोपे. त्यांची नावे ठरविणे कठीण. रसेल यांनी विशाखापट्टणमच्या माशांचे वर्णन केले होते, हॅमिल्टन यांनी गंगेतल्या. ब्लॉक यांनी बर्लिनमध्ये, तर व्हॅलेन्सिएन्स यांनी पॅरिसमध्ये दूरदेशीच्या माशांना नावे दिली. आपल्या मांदेलीला कॉयलिया डुसुमिएरी हे नाव १८४८ साली पॅरिसमध्येच मिळाले. एकाने काय लिहिले, ते दुसऱ्याच्या हाती वेळेवर पडतेच असे नसे. त्यामुळे एकाच माशाला दोन-तीन नावे, तर एकाच नावाखाली निरनिराळे मासे, असा घोटाळा माजला होता.

डे यांचा भरवसा स्वतःच्या डोळ्यांवर होता. सारखे दिसणारे मासे शेजारी शेजारी ठेवून ते मोजमाप घेत. वरच्या जबड्याचे हाड कोठवर पोचते, पोटाखालच्या लांब परात काड्या किती, हे तपासल्यावाचून ते जात ठरवीत नसत. मांदेलीच्या कुळातील एका माशाचे ते हाड तर इतके लांब असते, की छातीवरील परांच्याही मागे जाते! युरोपातील संग्रहालयांत जाऊन जुने नमुनेही त्यांनी पाहिले.

भारताच्या मत्स्यव्यवसायाचे महानिरीक्षक म्हणून त्यांनी १८७३ साली समुद्रातील व गोड्या पाण्यातील मासेमारीविषयी अहवाल सादर केले. १८७५ ते १८७८ या काळात त्यांचा भारतीय माशांवरील महाग्रंथ बाहेर पडला. त्यात सुमारे दोनशे चित्रपट आहेत. प्रत्येक माशाची पूर्वीची शास्त्रीय नावे तर त्यात आहेतच. पण ठिकठिकाणची देशी नावेही त्यांनी आवर्जून नोंदविली. साहेबी अमलात कोळ्यांच्या शब्दाला ग्रंथात स्थान मिळाले, ही गोष्ट लहान नव्हे.

डे स्वभावाने मात्र नमते घेणारे नव्हते. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील मत्स्यशास्त्रज्ञ गुंथर यांच्याशी त्यांचे तीव्र वैर होते. १८८३ साली लंडनमध्ये मत्स्यव्यवसायाचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले. भारतीय विभाग डे यांच्याकडे होता. त्यानंतर त्यांच्या संग्रहाचा मोठा भाग लंडनमध्ये न राहता सिडनी येथील संग्रहालयाने विकत घेतला. भारताच्या पाण्यातले मासे अशा रीतीने ऑस्ट्रेलियात जाऊन पडले.

एका बाबतीत मात्र हे दोघे प्रतिस्पर्धी एकमताचे निघाले आणि दोघेही चुकले. मांदेलीचा वंश वेगळा ठेवून तिच्या कुळातील इतर बहुतेक मासे त्यांनी एंग्रॉलिस या एकाच वंशात घातले. पुढील अभ्यासकांना ही मांडणी मान्य झाली नाही. त्यांनी त्या माशांचे थ्रिसा, स्टोलेफोरस, सेटिपिना असे निरनिराळे वंश मानले. थ्रिसा हा वंश तर डे यांच्या जन्माच्याच सुमारास फ्रान्समध्ये क्युव्हिए यांनी सुचविला होता.

भारतीय माशांवरील आणखी दोन खंड प्रसिद्ध झाले, त्याच वर्षी, १० जुलै १८८९ रोजी, चेल्टनहॅम येथे डे यांचे निधन झाले. १९८३ साली थायलंडचे मत्स्यशास्त्रज्ञ वोंगरताना यांनी याच कुळातील, भारत व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर मिळणाऱ्या एका माशाला वेगळी जात म्हणून ओळखले आणि डे यांच्या स्मरणार्थ त्याचे नाव थ्रिसा डेयी असे ठेवले.