मलिकंबरी धारा

मलिक अंबर म्हटला की 1624 ची भातवडीची लढाई आठवते. त्याची जमीनमोजणी क्वचितच. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा पुरुष अहमदनगरच्या निजामशाहीचा सूत्रधार झाला. 1610 मध्ये त्याने खडकी वसविली, पुढे तेथे नहरीने पाणी खेळविले. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकास त्याचे खरे कर्तृत्व महसुलात दिसते. मक्त्याची पद्धत मोडून त्याने जमिनीची प्रतवारी लावली, पिकाच्या मानाने सारा ठरविला व वसुली गावच्या पाटलांवर सोपविली. हे निव्वळ औदार्य नव्हे. मोगली स्वाऱ्यांच्या धामधुमीत रयत परागंदा झाली तर फौज पोसावी कशावर, हा त्यामागील रोकडा हिशेब होता. 1626 मध्ये तो निवर्तला, 1636 मध्ये निजामशाही बुडाली. मलिकंबरी धाऱ्याचे नाव मात्र मराठी दप्तरांत पुढेही येत राहिले.