पेशवे बाळाजी विश्वनाथ आणि १७१३ चा पेच

पनवेलहून खोपोलीमार्गे बोरघाट चढताना आमच्या सभासद बंधुभगिनींनी राजमाचीचे जोड बालेकिल्ले पुष्कळदा पाहिले असतील. याच डोंगररांगेत इ. स. १७१३ मध्ये मराठी राज्याचा गाडा रुतून बसला होता. तो ज्यांनी बाहेर काढला, त्या श्रीवर्धनच्या बाळाजी विश्वनाथ भट यांचे अल्प चरित्र येथे सादर करीत आहोत.

सिद्दीच्या जाचामुळे बाळाजीपंत घर सोडून देशावर आले. त्यांचा लौकिक तरवारीचा नव्हे. वसुली, हिशेब आणि माणसांची पारख हेच त्यांचे बळ. पुणे व दौलताबाद येथील सरसुभेदारी त्यांनी सांभाळली. १७०७ मध्ये शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून आले आणि एका राज्यास दोन धनी झाले. एकीकडे शाहू, दुसरीकडे ताराबाई. सहा वर्षे झुंजूनही निकाल लागेना. ताराबाईंच्या पक्षाचे कान्होजी आंग्रे यांनी तर आपणावर चालून आलेले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांनाच कैद केले, लोहगड घेतला आणि खुद्द सातारा धोक्यात आणला.

नोव्हेंबर १७१३ मध्ये पेशवाईची वस्त्रे बाळाजीपंतांस मिळाली. त्यांनी फौज बरोबर घेतली खरी, परंतु युद्ध मांडले नाही. कान्होजींशी त्यांचा पूर्वपरिचय होता. समुद्र आणि किल्ले हाच कान्होजींचा प्राण आहे, गादी कोणाची हा प्रश्न त्यांना त्यामानाने दुय्यम आहे, हे त्यांनी ओळखले असावे, असे आम्हांस वाटते. १७१४ च्या प्रारंभी तह झाला. कान्होजींनी बहिरोपंतांस मुक्त केले, राजमाचीखेरीज घेतलेली स्थळे परत दिली व शाहूंचे स्वामित्व पत्करले. उलट त्यांस सरखेल हा किताब, आरमाराचे आधिपत्य आणि कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग धरून दहा किल्ले व सोळा लहान ठाणी मिळाली. ज्यास दंड करावयाचा, त्यासच मान दिला, म्हणून साताऱ्यास कोणी नाके मुरडली असतील तर नवल नाही!

पुढे १७१९ मध्ये बाळाजीपंतांनी दिल्लीहून चौथाई व सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. मातोश्री येसूबाईही त्याच सुमारास स्वदेशी परतल्या. एप्रिल १७२० मध्ये सासवड येथे बाळाजीपंत निवर्तले.

तथापि एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. जो विजयदुर्ग देऊन आजोबांनी आंग्र्यांस आपलेसे केले, तोच १७५६ मध्ये इंग्रजांनी पेशव्यांशी हातमिळवणी करून घेतला आणि आंग्र्यांचे आरमार तेथे जळून गेले. त्या वेळी पेशवेपदी त्यांचेच नातू नानासाहेब होते.