युद्धकाळांतील वाणी आणि युजीन डेब्स

युद्ध पुकारलें कीं सरकारास शत्रूचें भय वाटावें हें रास्तच. पण पुष्कळदां घरच्या वक्त्यांचेंच भय अधिक वाटूं लागतें. ज्या अमेरिकेच्या राज्यघटनेंत भाषणस्वातंत्र्य नमूद आहे तेथेंही असें घडलें, म्हणून युजीन डेब्स यांचें चरित्र आम्ही आज वाचकांपुढें ठेवितों.

डेब्स यांचा जन्म १८५५ सालीं इंडियाना संस्थानांतील टेर होट गांवीं, आल्सेसहून आलेल्या एका किराणा दुकानदाराच्या घरीं झाला. चौदाव्या वर्षीं शाळा सोडून ते रेल्वेंत लागले, इंजिनाची भट्टी पेटवूं लागले. मध्यंतरीं घाऊक किराण्याच्या पेढीवर कारकुनीही केली. १८९४ च्या पुलमन संपांत कोर्टाचा मनाईहुकूम मोडल्याबद्दल त्यांना सहा महिने कैद झाली. पुढें समाजसत्तावादी म्हणून ते चार वेळां अध्यक्षपदासाठीं उभे राहिले. आमचे व्यापारी वाचक म्हणतील, हा तर भांडवलाचा वैरी! असेल, पण प्रश्न त्यांच्या मतांचा नसून तीं बोलून दाखविण्याच्या हक्काचा आहे.

१९१७ च्या एप्रिलांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि जूनमध्यें हेरगिरीचा कायदा झाला. नांव हेरगिरीचें, फांस मात्र सैन्यभरतीविरुद्ध बोलणारांच्या गळ्यांत पडला. १६ जून १९१८ रोजीं ओहायोंतील कँटन येथें, जवळच्या तुरुंगांतील तीन सहकाऱ्यांस भेटून डेब्स सभेपुढें उभे राहिले. युद्ध पुकारतात धनी आणि मरतात कष्टकरी, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. भरती बंद पाडा असें त्यांनीं कोठेंही स्पष्ट सांगितलें नाहीं. सरकारी लघुलेखक टिपणें घेत होता. पंधरवड्यानें त्यांना पकडलें. खटल्यांत त्यांनीं एकही साक्षीदार बोलाविला नाहीं. भाषण आपलेंच असें मान्य करून ते ज्यूरीशीं स्वतःच बोलले. शिक्षा दहा वर्षांची, वय बासष्ट!

त्या भाषणामुळें किती तरुण भरतीपासून परतले, हा हिशेब कायद्यानें मागितलाच नाहीं. तसा परिणाम संभवतो आणि हेतूही तोच, एवढें ज्यूरीस पटलें कीं पुरे. ११ नोव्हेंबर १९१८ रोजीं तोफा थांबल्या, खटला मात्र थांबला नाहीं. मार्च १९१९ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें एकमतानें शिक्षा कायम केली, आणि एप्रिलांत, लढाई संपून पांच महिने झाल्यावर, डेब्स तुरुंगांत गेले. तो निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ति होम्स यांनींच त्या वर्षाच्या नोव्हेंबरांत अशाच दुसऱ्या खटल्यांत भिन्न मत देऊन आरोपींची बाजू उचलून धरली. डेब्स यांस त्याचा उपयोग काय?

१९२० सालीं अटलांटाच्या तुरुंगांतील या कैद्यानें पुन्हां अध्यक्षपदाची निवडणूक लढविली, आणि नऊ लाखांहून अधिक मतें मिळविलीं. लोकशाहीसाठीं लढतों म्हणणाऱ्या विल्सन यांनीं आपल्याच कायदेमंत्र्याची शिफारस असतांना माफी नाकारली. पुढील अध्यक्ष हार्डिंग यांचा लौकिक सुधारकाचा नव्हे. त्यांनींच १९२१ च्या नाताळांत डेब्स यांस सोडून भेटीस बोलाविलें. तुरुंगाबाहेर पडतांना आंतील कैद्यांनीं त्यांचा जयघोष केला.

प्रकृति खालावून डेब्स १९२६ च्या ऑक्टोबरांत वारले. १९१८ सालीं त्या कायद्यास जोडलेलीं राजद्रोहाचीं कलमें पुढें रद्द ठरविण्यांत आलीं. १९१७ चा मूळ कायदा मात्र अमेरिकेंत अद्याप चालू आहे.