संत जॉन ऑफ गॉड (सण : ८ मार्च)

१४९५ साली पोर्तुगालमध्ये जन्मलेले जॉन आधी मेंढपाळ, मग शिपाई, शेवटी स्पेनमधील ग्रानादा येथे पुस्तकविक्रेते. तेथे संत सेबॅस्टियनच्या सणादिवशी फादर जॉन ऑफ अव्हिला यांचे प्रवचन ऐकून ते कपडे फाडत, ओरडत रस्त्याने धावत सुटले. लोकांनी त्यांना रॉयल इस्पितळात वेड्यांमध्ये टाकले. उपचार कसला? बांधून ठेवणे आणि चाबूक! हा आजार होता की पश्चात्तापाचा अतिरेक, ते आज सांगणे कठीण. मार मात्र खरा होता.

प्रवचन देणारे फादरच त्यांना धीर देऊ लागले. स्वतःला छळण्यापेक्षा गरिबांची सेवा करा, असे त्यांनी सुचविले. जॉन सावरले. त्याच शहरात त्यांनी इस्पितळ उघडले. रात्री टोपली घेऊन ते त्यासाठी भिक्षा मागत. १५५० साली ते देवाघरी गेले, १६९० साली संत झाले. त्यांच्या संघाचे ब्रदर्स आजही अनेक देशांत मनोरुग्णांची सेवा करतात.